पांढऱ्या खोलीतली खंडेनवमी

माया सोनावणेला कुणी भेटायला आलं, की ती आधी त्याच्या खांद्याकडे बघते. चेहरा नंतर. खांद्यावर केस असेल, कोंडा असेल, शालीचा धागा असेल, तर तिचं बोट आपोआप पुढे येतं. ती तो ऐवज उचलते, दोन बोटांत धरून कचऱ्याची पेटी शोधते आणि मग म्हणते, "हां, बोल." स्वतःच्या लग्नात, स्टेजवर, महेंद्रचे साहेब आहेर द्यायला आले तेव्हा तिने त्यांच्या कॉलरवरचा धागा असाच ओढला होता. तो धागा नव्हता. साहेबांच्या टोपाचा केस होता, आणि ओढल्यावर टोप सरकला. महेंद्र, म्हणजे तिचा नवरा, अजून त्याच ऑफिसात आहे. प्रमोशनचा विषय निघाला की तो नुसता मायाकडे बघतो.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. माया टिटवाळ्यात राहून सिमेंटशी करते. तिच्या बिल्डिंगच्या तिन्ही बाजूंना नवे टॉवर उठतायत आणि चौथ्या बाजूला त्यांची रेती पडलीय. घराच्या खिडक्या कायम बंद, दाराच्या फटीला फोमची पट्टी. पायपुसणी तीन. एक बाहेरचं, एक मधलं, आणि एक 'आता तरी पुसा' म्हणणारं.

"लोक वन बीएचके घेतात," महेंद्र म्हणतो, "आम्हाला आयसीयू मिळालाय. पेशंट मी."

पण धूळ हा मायाचा छंद नाही, धंदा आहे. ठाण्याला कोलशेतमध्ये प्रशांत ठोसर यांचा कारखाना आहे. खालच्या मजल्यावर लेथ, ड्रिल, ग्राइंडर असा खडखडाट. वरच्या मजल्यावर एक बंद, पांढरीशुभ्र खोली. त्या खोलीत माया काचेवर अँटेना बसवते. हे वाक्य ती घरी पहिल्यांदा बोलली तेव्हा तिचे आईवडील मोहन्याहून आलेले होते आणि आई, रमाबाई, मेथी निवडत होती.

"अँटेना? टीव्हीचे?"

"तसेच. पण लहान."

"किती लहान?"

"तुझ्या एका केसाच्या जाडीत दोनशे ओळीने उभे राहतील."

रमाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "माझ्या केसात कशाला उभे करतेस? बरं, मग त्यावर चॅनल कुठलं लागतं?"

"हिरवं."

"बातम्या लागत नाहीत?"

"नाही गं."

"मग एवढ्या लांब कशाला जातेस?"

शेवटी मायाने वडिलांना धरलं. सीताराम सोनावणे मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होते, आणि जयंतीच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक त्यांचं. रस्त्यावर चुन्याच्या फुल्या मारून ते पोरं उभी करायचे; फुली सोडली की शिट्टी. माया त्यांना म्हणाली, "अप्पा, अॅल्युमिनियमचा हा इवलासा खांब असतो. उजेड अंगावर पडला की तो घेतो आणि चहूकडे उधळतो. एकटा असला तर कुणाच्या खिजगणतीत नाही. पण तुमच्या पोरांसारखे सारख्या अंतरावर लाखो उभे केले, की सगळ्यांची उधळण एकमेकींत मिसळते. एका दिशेला जोर धरते, दुसऱ्या दिशेला मरते. अंतर बदललं की दिशा बदलते, खांब जाडा-बारीक केला की रंग बदलतो. रंग लावलेला नसतोच कुठे. हिरवा दिसतो, पण हिरवं काहीही नसतं."

सीतारामांना लगेच कळलं. त्यांचा प्रश्नही पथकप्रमुखाचाच. "आणि एखाद्याने पाय चुकवला तर?"

"एकाने चुकवला तर चालतं. पण धुळीचा एक कण पडला, तर पाचशे पोरांवर एकदम ट्रक गेला म्हणून समजा."

"अरे देवा," रमाबाई म्हणाल्या, आणि मेथीची माती घरभर न उडता ताटातच पडेल अशा बेताने निवडायला लागल्या.

पुढची हकिकत मी मायाकडून ऐकली आणि कारखान्यातल्या सहदेव भोईर यांच्याकडूनही. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी सहदेवकाकांचं धरलंय, कारण माया घडलेलं सांगते आणि सहदेवकाका करून दाखवतात.

झालं असं, की पांढरी खोली मायाच्या हातून जायची वेळ आली.

प्रशांत सरांनी ती खोली हौसेने उभारली होती. बाहेर कुणीतरी विकायला काढलेलं जुनं जर्मन मशीन आणलं, हवा गाळायची यंत्रणा बसवली, मायाला नेमलं. बेत असा, की दिव्यावर बसवायची काच करायची. उजेड शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये न जाता नेमका रस्त्यावर पडेल अशी. बेत उत्तम होता. पण मायाच्या हातून आतापर्यंत जे निघालं ते होतं नखाएवढं. नखाएवढ्या काचेतून उजेड वळवायचा तर दिवा मुंगीचा पाहिजे. आता कुठे तिची पहिली तळहाताएवढी काच तयार होत आली होती, आणि त्याच आठवड्यात सरांचा मेव्हणा वर चढला.

विनीत. डोंबिवलीत त्याचा फ्रोझन मोदकांचा धंदा होता. उकडीचे मोदक करायचे, गोठवायचे, 'साजूक तुपाची धार घाला आणि माहेर आठवा' असं लिहिलेल्या डब्यात भरायचे. गणपतीत धंदा असा वाढला की जागा पुरेना. त्याने पांढऱ्या खोलीच्या काचेला नाक लावून आत बघितलं आणि वळून म्हणाला, "दाजी, चोवीस तास एसी! आणि आत काय ठेवलंय? काहीच नाही!"

"काहीच नाही असं ठेवायलाच खूप मेहनत लागते," माया म्हणाली.

"मॅडम, तेच तर. हीच मेहनत मोदकांना मिळाली तर?"

प्रशांत सर भिडस्त माणूस. बायकोच्या भावाला नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं आणि मायाला जा म्हणणंही. तेव्हा त्यांनी भिडस्त माणसं करतात तेच केलं. निर्णय मुहूर्तावर ढकलला. "माया, मला त्या आलेखातलं काही कळत नाही. खंडेनवमीला पूजा झाली की मला ती मोठी काच दाखव. माझ्यासारख्या अडाण्याच्या तोंडून आपोआप 'वा' निघालं पाहिजे. निघालं, तर खोली तुझी. नाही निघालं, तर दसऱ्याला विनीत फ्रीझर लावेल."

"फ्रीझर आदल्या दिवशीच आणून ठेवतो," विनीत म्हणाला, "म्हणजे दसऱ्याला धावपळ नको."

माया कामाला लागली. आणि या सगळ्यात खंडेनवमीच्या तयारीला लागलेले सहदेवकाका तिच्या दाराशी आले.

सहदेवकाका मूळचे कोलशेतचेच. घराण्याचं मिठागर गेलं तेव्हा ते कारखान्यात फिटर म्हणून लागले. तेव्हापासून खंडेनवमीची यंत्रपूजा त्यांच्याकडे. भटजी नाही, मालक नाही. सहदेवकाका सांगतील तसं. लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हार, हळदीकुंकू, उदबत्ती आणि नारळ. मागच्या वर्षी फक्त वरचं जर्मन मशीन राहिलं होतं, आणि दिवाळीच्या आत त्याचा पंप जळला. माया म्हणते व्होल्टेजमुळे. खालचा अख्खा मजला म्हणतो, रुसला.

"मॅडम, वरच्या मशीनला हार किती फुटाचा लागंल?" सहदेवकाकांनी काचेबाहेरून विचारलं.

"काका, वरच्या मशीनला हार नाही."

"का?"

"झेंडूचे पराग उडतात."

"बरं, हलद-कुंकू?"

"ती पावडर झाली."

"उदबत्ती?"

"काका, धूर!"

"नारल तं चालंल?"

"त्याला शेंडी असते."

"शेंडी काढून आनतो."

"करवंटीची पण भुकटी पडते."

सहदेवकाकांनी थोडा वेळ पायातल्या चपलेकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमच्यात पूजा नाय करत, मना म्हाईत हाय. तुम्ही नका करू. मी करतो. पन मशीन तं तुमच्यातली नाय ना?"

"मशीन जर्मन आहे, काका."

"जर्मन असूदे. खालची लेथ इंग्लंडची हाय. तिला दर वर्साला हार घालतो. कवा काय बोलली नाय."

माया हसली आणि तिथेच हरली. तिचं म्हणणं एवढंच होतं की वाद देवाचा नाही, कणांचा आहे. आणि मागच्या पंपानंतर या वर्षीही पूजा टाळली आणि काही बिघडलं, तर त्याचं खापर कुणावर फुटेल हे तिला नीट माहीत होतं. म्हणून तिने तोड काढली. पूजा आत होईल, पण खोलीच्या नियमाने. धूळ होईल असं एकही सामान आत येणार नाही, आणि जे येईल ते स्पिरिटने पुसून येईल. सहदेवकाका एकेक वस्तू विचारत गेले आणि ती कॉम्प्युटरवर डोळे लावून उत्तरं देत गेली.

"प्लास्टिकचा हार?"

"धुऊन."

"पानी?"

"आमचं देते, गाळलेलं."

"तेल?"

"तेलाची कुठे धूळ होते, काका," माया म्हणाली, आणि आकडे बघत राहिली.

खंडेनवमीच्या सकाळी खालच्या मजल्यावर नेहमीसारखी दणक्यात पूजा झाली. सहदेवकाकांची बायको विमलाबाई घरच्या म्हशीच्या तुपातला शिरा घेऊन आली होती. निरांजनातही तेच तूप. विनीत मोदकांचे डबे आणि बरोबर तुपाचा एक चकचकीत डबा घेऊन आला. बाहेर फ्रीझर घेऊन टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न मारत होता.

वर, सहदेवकाका पांढरा सूट चढवत होते. टोपी, त्यावर दुसरी टोपी, मास्क, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट. फक्त डोळे उघडे.

"मना असा बघितला तं बायको पोलिसात जाईल," ते म्हणाले.

नारळ आला तो प्लास्टिकमध्ये हवाबंद होऊन. एका मसालेवाल्याकडून त्यांनी तो पॅक करून घेतला होता आणि मसालेवाल्याने सवयीने त्यावर 'कांदा-लसूण' असं लेबल चिकटवलं होतं. मायाने लेबल सोलून काढलं, नारळ स्पिरिटने पुसला, हार पुसला, निरांजनाच्या जागी आणलेला, पिवळं प्लास्टिक लावलेला टॉर्च पुसला. मग दोघं आत गेली. त्या खोलीत उजेड पिवळा असतो, कारण तिथल्या रसायनाला पांढरा सोसत नाही. भिंतीवर हवेतले कण मोजणारं यंत्र. कण वाढले की त्याचा दिवा तांबडा होतो.

सहदेवकाकांनी मशीनला हार घातला. दिवा हिरवा. नारळ ठेवला. हिरवा. टॉर्च लावून ओवाळायला लागले आणि तोंड उघडलं.

दिवा तांबडा.

"काका, आरती मनात म्हणा!"

"मनात?"

"बोललं की थुंकी उडते. मास्कमधूनही जाते थोडी."

"आनि टाल्या? टाल्या पन मनात वाजवू?"

"हो."

असं करत, एक माणूस टॉर्च फिरवतोय, मनात टाळ्या वाजवतोय आणि डोळे मिटून मान हलवतोय, आणि दुसरं माणूस देवाकडे न बघता भिंतीवरच्या दिव्याकडे बघतंय, अशी ती आरती झाली. मायाची नजर दिव्यावरून हलली नाही. त्यामुळे तिला दिसलं नाही की सहदेवकाकांनी खिशातून खोबरेल तेलाची नवी, सीलबंद, पुसलेली बाटली काढली. कुंकू नाही तर नाही, निदान तेलाचं बोट तरी. त्यांनी मशीनच्या दाराला बोट लावलं, पंपाला लावलं, टेबलाला लावलं. टेबलावर ती तळहाताएवढी काच होती. 'ती बिचारी एकटीच राह्यली असती,' असं नंतर ते म्हणाले. काचेच्या बरोबर मधोमध त्यांनी हलकेच बोट टेकवलं. पिवळ्या उजेडात काहीच दिसलं नाही.

मग सगळे खाली सरांच्या केबिनमध्ये जमले. मायाने काच चिमट्याने डबीतून काढली आणि स्टँडवर लावली. बाजूने पांढरा दिवा सोडला.  

"सर, इकडून बघा. थोडं वाका."

सर वाकले. काचेवर हिरवट झाक होती. खरंच हिरवट, पण फिकी.

"हं," सर म्हणाले. ते 'वा' नव्हतं.

विनीतही वाकला. "मॅडम, राग मानू नका, पण हे आमच्या बाथरूमच्या टाइल्सवर पण येतं. आम्ही ब्रशने घासतो."

"शेवाळ नाहीये ते!"

"मी कुठे शेवाळ म्हटलं? तुम्हीच म्हटलंत."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओरडला, "शेट, उतरवू का?"

"आलोच!" विनीत म्हणाला.

मायाने घाईने काच फिरवली, कोन बदलून बघावा म्हणून.  सगळ्या हिरव्यात, बरोबर मधोमध, एक तांबडा-नारिंगी ठिपका होता. गोल, ठसठशीत, कपाळावर असावा तसा. बाकीच्या काचेपेक्षा कितीतरी तेज.

"वा!" प्रशांत सरांच्या तोंडून निघालं. आपोआप.

"हे काय आहे?" माया म्हणाली.

मागून सहदेवकाकांचा आवाज आला, भरून आलेला. "देवानं मान्य केलं. मॅडम, मी पांढरं तेल लावलं हो! त्याचं कुंकू झालं!"

 सरांचे हात आपसूक जोडले गेले. विमलाबाईने पदर डोक्यावर घेतला. विनीतनेही हात जोडले आणि जोडलेल्या हातांनी म्हणाला, "दाजी, मग तर खोलीत फ्रीझर आणि देव्हारा दोन्ही ठेवू. मोदक तिथेच जातील."

मला विचाराल, तर मायाने इथे गप्प बसायला हवं होतं. 'वा' निघालं होतं. अट पूर्ण झाली होती. सर श्रद्धेने ती खोली जन्मभर कुणाला दिली नसती. पण मायाच्या समोर तिची काच होती, आणि काचेवर बोट.

"तेल आहे ते," ती म्हणाली.

"तेल तं मी लावलं," सहदेवकाका म्हणाले. "पन रंग?"

"रंग माझ्या खांबांचा आहे. आधी त्यांच्यामध्ये हवा होती. तुमच्या बोटाने तिथे तेल शिरलं. हवेत उभे असताना ते हिरवा उधळतात, तेलात बुडाले की तांबडा. वर तेल, खाली काच, दोन्हीकडून जवळजवळ सारखं झालं, म्हणून सगळ्यांची उधळण जुळून आली आणि तेज वाढलं. चमत्कार नाही, काका. बघा." तिने ठिपक्यावर स्पिरिटची धार सोडली, न पुसता निथळू दिली, पुन्हा सोडली. काच वाळली. ठिपका गेला, हिरवट झाक परत. मग तिने सहदेवकाकांच्याच बाटलीतला एक थेंब टोचणीने टेकवला. तांबडं.

"म्हंजे देव नाय?"

"तेल आहे."

"लावलं कुनी?"

"तुम्ही."

"आनि मना सुचवलं कुनी?"

 मायाला सुचवणाऱ्याचं नाव आठवलं, आणि ते तिचंच होतं.

प्रशांत सरांचे हात अजून जोडलेलेच होते. आता ते सोडायला त्यांना काहीतरी प्रश्न हवा होता. "म्हणजे कुठलंही तेल लावलं तरी हाच रंग?"

"नाही सर. प्रत्येकाचा थोडा थोडा वेगळा. डोळ्यांना नाही कळणार, पण यंत्रावर दिसेल." तिने उजेड मोजायचं यंत्र जोडलं. स्क्रीनवर सपाट रेषेतून एक उंच, बारीक कळस वर आला, सुईसारखा. "हे खोबरेल. दुसरं काही लावलं तर सुई डावी-उजवीकडे सरकेल."

"मग माझं तूप लावा!" विनीतने चकचकीत डबा पुढे केला. "शुद्ध, घरगुती, साजूक. तुमची सुई पण म्हणेल, आता आले खरे पाहुणे!"

हे कुणीही त्याला सुचवलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

तुपं पातळ केली, गरम चहाच्या कपात वाटी धरून. आधी निरांजनातलं विमलाबाईचं. सुई उभी राहिली. मायाने तिथे खूण केली. काच धुतली. मग विनीतचं. सुई खुणेवर आली नाही. उजवीकडे जाऊन उभी राहिली.

"बघा, पुढे गेली!" विनीत म्हणाला.

 मायाने कँटीनमधून पुऱ्या तळायचा वनस्पती तुपाचा डबा मागवला. काच धुतली, ते लावलं. सुई विनीतच्या सुईला जवळजवळ चिकटून उभी राहिली.

"मी भेसळ म्हणत नाहीये," माया सावकाश म्हणाली. "एवढंच म्हणते, की हे तूप आणि काकूंचं तूप एक नाही. आणि हे कँटीनच्या डब्याच्या शेजारी राहतं."

"त्यांचं म्हशीचं आहे! माझं गायीचं आहे! फरक पडणारच!"

"पडू शकतो. गायीचं घरचं तूप मिळालं तर आत्ता बघू."

प्रशांत सर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. पण त्यांचा डबा टेबलावरच होता; पोळी, भाजी, आणि छोट्या डबीत तूप. मायाने विचारलं, "सर, हे?"

"ते... आसावरी करते. घरी. गायीच्या दुधाचं."

विनीतने डबीकडे बघितलं, मग दाजींकडे. आसावरी म्हणजे त्याची सख्खी बहीण. "दर महिन्याला मी ताईला माझ्या तुपाचा डबा पाठवतो."

"हो, येतो ना."

"मग ती घरी कशाला करते? माझ्या तुपाचं काय करते?"

प्रशांत सरांनी सगळ्या जन्माच्या भिडस्तपणाची शिक्षा त्या एका क्षणात भोगली. "दिव्याला वापरते," ते म्हणाले.

मायाने डबीतलं तूप लावलं. सुई विमलाबाईच्या खुणेला खेटून उभी राहिली.

 विमलाबाई म्हणाली, "मंग आता शिरा खाऊन घ्या, गार होतोय."

विनीत खुर्चीत बसला. त्याने आपल्याच डब्यातलं तूप बोटावर घेतलं, चाखलं, पुन्हा चाखलं. आवाजातला सगळा मोदकवाला निघून गेला होता. "मी स्वतः चाखून घेतो हो माल. प्रत्येक वेळी. मला वाटायचं, मला कळतं." मग बराच वेळ फोनवर होता, आणि पलीकडच्या, तूप पुरवणाऱ्या माणसाला त्याने जे शब्द वापरले ते 'माहेर आठवा' या डब्यावर छापता आले नसते. फोन ठेवून तो मायाजवळ आला. मॅडमचं ताई झालं होतं.

"ताई, मी दुसरा माणूस बघतो. पण तोही असाच निघाला तर? दर खेपेला डबा तुमच्याकडे आणला तर बघून द्याल?"

"देईन की. पण माझ्या हातात ही एकच काच आहे, आणि ती आज बरीच धुतली गेलीय. नवी लागेल. नवी वर होते. त्या खोलीत." ती थांबली. "आजपर्यंत व्हायची."

बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक. "शेट! उतरवू का नको? मला पुढची भाडी आहेत!"

विनीतने प्रशांत सरांकडे बघितलं. प्रशांत सरांनी शिऱ्याच्या वाटीत बघितलं. शेवटी विनीतच खिडकीशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या नवऱ्याची अडचण स्वतः सोडवली. "मागे घे रे! डोंबिवलीला चल. दुसरी जागा बघतो मी!"

"वा," प्रशांत सर म्हणाले. हे दुसरं.

मग त्यांनी रीतसर जाहीर केलं, की खोली मायाची. दिव्याची काच पुढे होईलच; तोवर तूप-तेल ओळखणाऱ्या छोट्या काचा करायच्या, डोंबिवलीत मिठाईवाले काही कमी नाहीत.

"पण एक अट," माया म्हणाली. "तूप वर येणार नाही. तपासायचं टेबल जिन्याखाली. आणि तिथून वर चढणारा माणूस आधी साबणाने हात धुणार."

"कबूल," सर म्हणाले.

"आनि पुढच्या खंडेनवमीला?" सहदेवकाकांनी विचारलं.

"मशीनला लावा. पंपाला लावा. काचेला नाही."

दुपारी सगळे पांगले. दुसऱ्या दिवशी मायाला विहारात जायचं होतं, तिने साडीला इस्त्री करायची म्हणून लवकर निघते असं सांगितलं होतं. पण ती जिना उतरायच्या ऐवजी चढली. सहदेवकाका बाहेरच्या छोट्या खोलीत, जिथे सूट चढवतात तिथे, प्लास्टिकचा हार गुंडाळत होते. माया अर्धा सूट चढवून बाकावर बसली आणि तिचे डोळे वाहायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी.

"मॅडम? आता काय झालं? खोली तं राह्यली ना?"

"राहिली."

"मंग आत जाऊन बसा की. आपलीच हाय."

"आत रडता येत नाही, काका. थेंब वाळला की मिठाचे कण उडतात."

मिठागरवाल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. सहदेवकाकांनी हार बाजूला ठेवला, दाराकडे तोंड करून पाठमोरे उभे राहिले, आणि जिन्यावरून कुणीतरी यायला लागलं तेव्हा वरूनच ओरडले, "थांबा तिथंच! साफसफाई चालू हाय!"

माया रडता रडता हसली. हसणं संपलं तेव्हा तिने चेहरा धुतला, कोरडा केला, मास्क लावला, टोपीत केस नीट कोंबले. मग आत गेली आणि नवी काच लावली.